मेंदूचा बालेकिल्ला आणि देहाचे पहारेकरी

मनुष्याच्या शरीरात मेंदूइतकी जपून ठेवलेली दुसरी वस्तू नाही. वर कवटीचे कठीण हाड, त्याच्या आत तीन पदरी आवरण, आवरणांत खेळणाऱ्या मस्तिष्कमेरुद्रवाची गादी आणि इतके करूनही रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा घट्ट सांधलेल्या की, रक्तात उतरलेली प्रत्येक वस्तू मेंदूपर्यंत पोहोचेलच असे नाही. डोंगरी किल्ल्यावर तटबंदीच्या आत पुन्हा बालेकिल्ला असावा, तशी ही रचना आहे. परंतु बालेकिल्ल्याची एक अडचण असते. शत्रू बाहेरून चालून आला तर तो अजिंक्य ठरतो. फितुरी आतच झाली तर मात्र तीच तटबंदी बाहेरून येणाऱ्या कुमकेच्या आड येते. मेंदूत उद्भवणारा कर्करोग ही अशी आतली फितुरी होय.

शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला हाताशी धरून कर्करोगाशी झुंजण्याची विद्या २०११ सालानंतर पुष्कळच पुढे गेली. त्वचेच्या, फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या कर्करोगांत ज्यांची आशा पूर्वी कोणी धरली नसती, असे काही रोगी तिने वाचविले. मेंदूच्या दाराशी मात्र ही विद्या अडखळली. ती का अडखळली, आणि आता ती कोणत्या वाटेने आत शिरू पाहत आहे, हे जाणून घेण्याजोगे आहे. कारण या रोगाने ग्रासलेल्या घरांतून आज जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांची उत्तरे या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

प्रथम या फितुराची ओळख करून घेतली पाहिजे. मेंदूत विचारांचे आणि हालचालींचे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी असतात, तशाच त्यांना आधार आणि पोषण पुरविणाऱ्या आधारपेशीही असतात. या आधारपेशींच्या कुळातून जे कर्करोग निपजतात, त्यांतील सर्वांत उग्र तो ग्लायोब्लास्टोमा. तो बहुधा उतारवयात गाठतो. पहाटेची डोकेदुखी, एखादी अवचित आलेली आकडी, ओठांवर आलेला शब्द न सापडणे, घरच्यांनाच जाणवावा असा स्वभावातील पालट, अशा लक्षणांनी तो प्रकट होतो, आणि त्यांतली पहिली दोन-तीन लक्षणे बहुतेक घरांत वयावर किंवा दगदगीवर ढकलली जातात.

अशा गाठी कापून काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. लंडनमध्ये १८८४ साली ह्यूज बेनेट या वैद्याने केवळ लक्षणांवरून गाठीची जागा सांगितली आणि रिकमन गॉडली या शस्त्रवैद्याने ती तेथून काढली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा अकरा वर्षे पुढे होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निदानाचे मोल कळते. रोगी मात्र सुमारे महिन्याभराने जंतुसंसर्गाने दगावला. पुढे शस्त्रक्रिया निर्धोक होत गेल्या, तरी रोग हटेना. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी तर १९२८ साली असल्या रोग्यांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल संपूर्ण काढून टाकण्यापर्यंत मजल मारली. तरीही रोग राहिलेल्या बाजूस उगवला. शेतात हरळी माजावी आणि वरचे गवत कितीही उपटले तरी जमिनीखालच्या मुळ्या बांधापलीकडे गेलेल्या असाव्यात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून शस्त्रक्रियेला किरणोपचाराची आणि पुढे औषधाची जोड देण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रोगी १२.१ महिन्यांपर्यंत हयात होते, तर किरणांबरोबर टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांच्या बाबतीत ती मुदत १४.६ महिने होती. दोन वर्षे पार करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १०.४ वरून २६.५ वर गेले. अडीच महिन्यांची ही वाढ आजही या रोगाच्या उपचाराचा पाया मानली जाते. त्यावरून हा शत्रू किती चिवट आहे याचा अंदाज यावा.

आता देहाच्या पहारेकऱ्यांकडे वळू. रक्तात आणि लसीका ग्रंथींत वावरणाऱ्या टी पेशी या त्यांतील मुख्य. शरीरातील प्रत्येक पेशी आपल्या पोटात घडणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. जणू दारावर लावलेली आतल्या माणसांची यादीच. टी पेशी फिरता फिरता या याद्या तपासतात आणि परके नाव आढळले की त्या घरावर तुटून पडतात. परंतु त्यांना परके कोण आणि आपले कोण हे आधी शिकवावे लागते. ते शिक्षण मुख्यत्वे लसीका ग्रंथींत होते, आणि शिकवितात त्या डेंड्रिटिक नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी. त्या घटनास्थळावरून संशयिताच्या खुणा गोळा करतात, जवळच्या ग्रंथीत जातात आणि तेथे टी पेशींना त्या खुणांची ओळख पटवितात. एकंदरीत प्रतिकाराचे तीन टप्पे आहेत: खबर लागणे, शिक्षण होणे आणि हल्ला होणे. यांतील कोणता टप्पा मेंदूत अडतो, हाच मुख्य प्रश्न.

त्याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात अर्धेअधिक दडलेले आहे. इंग्लंडमधील पीटर मेडावर यांनी १९४८ साली एका सशाच्या कातड्याचे लहान तुकडे दुसऱ्या सशाच्या मेंदूत रोवले. एका प्राण्याचे कातडे दुसऱ्याच्या अंगावर लावले तर थोड्याच दिवसांत ते झिडकारले जाते, हे तोवर माहीत झाले होते. मेंदूत रोवलेले तुकडे मात्र टिकून राहिले. या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. ज्या सशाच्या अंगावर त्याच दात्याचे कातडे पूर्वी लावून झिडकारले गेले होते, त्याच्या मेंदूत रोवलेला तुकडा मात्र नष्ट झाला! याचा अर्थ असा की, मेंदूत पहारेकरी पोहोचू शकत नाहीत असे नव्हे. बाहेर शिकून तयार झालेला पहारेकरी आत जातो आणि आपले काम करतो. अडचण आहे ती खबर बाहेर पोहोचण्याची आणि शिक्षण सुरू होण्याची. याच दिशेची एक खूण त्याही आधी, १९२३ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील मर्फी आणि स्टर्म यांना मिळाली होती. उंदराची गाठ घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदराच्या मेंदूत रुजत असे. परंतु त्याच प्राण्याच्या प्लीहेचा एक लहानसा कण तिच्या शेजारी ठेवला तर ती रुजत नसे. प्लीहा हे पहारेकऱ्यांचे ठाणेच असते.

मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिकारशक्तीच्या सहिष्णुतेवरील संशोधनासाठी. सशांच्या मेंदूवरील त्यांच्या प्रयोगाचे मात्र एक विचित्र झाले. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाचाच पुढे बोलबाला झाला आणि मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या राज्याबाहेरचा मुलूख आहे, अशी समजूत रूढ झाली. ती समजूत हळूहळू ढासळत गेली. २०१५ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, उंदराच्या मस्तिष्कावरणात लसीकावाहिन्या आहेत आणि त्या मानेतील ग्रंथींपर्यंत जातात. गंमत अशी की, इटलीतील शरीररचनाकार पाओलो मास्कान्यी यांनी अशा वाहिन्यांचे वर्णन १७८७ सालीच करून ठेवले होते. तेव्हा बालेकिल्ल्यातून खबर बाहेर नेणारा चोरदरवाजा आहे; तो अरुंद आहे इतकेच.

निसर्गाने तो अरुंद का ठेवला असावा? बोटाला गळू झाले की ते सुजते, ठणकते, लाल होते आणि काही दिवसांनी बरे होते. ही सूज म्हणजेच पहारेकऱ्यांची धावपळ. बोटाला सुजावयास जागा असते. कवटीला नसते. दीड लिटरच्या आसपास असलेल्या त्या बंद पेटीत सूज वाढली की मेंदू दाबला जातो, आणि खालच्या छिद्राकडे ढकलला गेला तर श्वासच थांबतो. ज्या गावात दारूगोळ्याचे कोठार आहे, तेथे दंगल शमविण्यासाठी गोळीबाराचा हुकूम देण्यापूर्वी कोणताही अधिकारी दहादा विचार करील. शिवाय जळालेली त्वचा पुन्हा येते, पण चेतापेशी एकदा गेली की बहुधा तिची जागा कोणी घेत नाही. म्हणून मेंदूत पहारेकऱ्यांवर कायमचीच एक प्रकारची जमावबंदी असते. स्थानिक शिपाई म्हणून तेथे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनमधील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना ओळखून वेगळे नाव दिले. त्या कचरा उचलतात, डागडुजी करतात आणि गडबड वाढणार नाही याची काळजी घेतात.

ग्लायोब्लास्टोमा या जमावबंदीचा फायदा घेतो. तो अशी रसायने सोडतो की, स्थानिक शिपाई आणि रक्तातून आलेल्या त्यांच्या भाऊबंद पेशी लढण्याऐवजी त्याचीच चाकरी करू लागतात. काही गाठींत तर एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत पेशी या फितवलेल्या शिपायांच्याच असतात. जो थोडा टी पेशींचा जमाव आत पोहोचतो, तो थकून निष्प्रभ होतो. इतकेच नव्हे, तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले की, या रोग्यांच्या रक्तातील टी पेशींची संख्या रोडावते, कारण त्या हाडांच्या मगजात अडकून पडतात. बाहेर येण्यासाठी लागणारा पृष्ठभागावरचा ग्राहक त्यांनी गमावलेला असतो. मेंदूतील एक गाठ मांडीच्या हाडातील सैन्याला छावणीतच कोंडून ठेवते, ही गोष्ट मोठी आश्चर्याची आहे.

या पार्श्वभूमीवर नव्या औषधांची कहाणी वाचावी. टी पेशींच्या अंगी जसा हल्ल्याचा जोर असतो, तसाच त्यांना आवरणारा लगामही असतो. नाही तर त्या स्वतःच्याच शरीरावर उलटतील. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या लगामाचा, तर क्योतोचे तासुकु होंजो यांनी पीडी-१ या लगामाचा अभ्यास केला. लगाम रोखून धरणारी प्रतिपिंडे दिली तर टी पेशी कर्करोगावर मोकळ्या सुटतात, हे या अभ्यासातून सिद्ध झाले आणि २०१८ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. अमेरिकेत २०११ पासून पहिल्या आणि २०१४ पासून दुसऱ्या प्रकारची औषधे वापरात आली. मग २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी वयाच्या नव्वदाव्या वर्षी जाहीर केले की, त्यांना मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग झाला असून मेंदूत त्याचे चार लहान ठिपके आढळले आहेत. किरणोपचार आणि पीडी-१ चा लगाम सोडविणारे औषध यांचा उपयोग झाला. डिसेंबरात ते ठिपके दिसेनासे झाले. कार्टर पुढे नऊ वर्षे जगले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभर वर्षांचे होऊन वारले.

ही बातमी जगभर पसरली आणि मेंदूच्या कर्करोगावर रामबाण सापडला असे पुष्कळांना वाटले. परंतु कार्टर यांचा कर्करोग मेंदूचा नव्हता. तो मेंदूत गेलेला होता. हा भेद शब्दांचा खेळ नाही. मेलॅनोमाच्या पेशींत जनुकांचे बिघाड भरपूर असतात, म्हणून ओळखण्याजोग्या परक्या खुणाही भरपूर असतात. शिवाय त्या खुणांशी टी पेशींची गाठ मेंदूबाहेर पडलेली असते. मेडावर यांच्या सशाच्या अंगावर जसे आधी कातडे लावले होते, तशीच ही स्थिती. लगाम सैल होताच बाहेर शिकलेले पहारेकरी आत शिरले. मेलॅनोमा मेंदूत पसरलेल्या ९४ रोग्यांना दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देऊन केलेल्या एका चाचणीत, २०१८ सालच्या अहवालानुसार, शेकडा ५७ जणांच्या मेंदूतील रोग आटला किंवा निदान आटोक्यात राहिला. उलट ग्लायोब्लास्टोमात जनुकांचे बिघाड मोजके असतात, आणि तो जन्मभर बालेकिल्ल्यातच राहतो, क्वचितच बाहेर पडतो. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ३६९ रोग्यांवर याच वर्गातील निव्होलुमॅब हे औषध अजमावण्यात आले. २०१७ साली निष्कर्ष कळले: या औषधावर निम्मे रोगी ९.८ महिने जगले, आणि तुलनेसाठी दिलेल्या जुन्या औषधावर १०.० महिने. जो पहारेकरी शिकलेलाच नाही, त्याचा लगाम सोडून काय होणार?

याला आणखी एक दुर्दैवी जोड आहे. गाठीभोवतीची सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १९६१ पासून वापरात आहे. बेशुद्धीकडे झुकलेला रोगी त्याने एक-दोन दिवसांत उठून बोलू लागतो. डॉक्टरांना आणि आप्तांना ते वरदानच वाटते, आणि ते आहेही. परंतु ते सूज उतरविते ते पहारेकऱ्यांना दाबूनच. किरणे आणि टेमोझोलोमाइड हीही टी पेशींची संख्या घटवितात. म्हणजे एका हाताने सैन्य उभारावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याची शस्त्रे काढून घ्यावयाची, अशी उपचारकांची कोंडी होते. या दोन हातांचा मेळ कसा घालावा, हे अजून कोणाला समाधानकारकपणे साधलेले नाही.

शिक्षणच अपुरे असेल तर ते लस टोचून द्यावे, हा विचार सरळच होता. ग्लायोब्लास्टोमाच्या सुमारे एकतृतीयांश गाठींत, निरोगी पेशींवर नसणारी एक बदललेली खूण आढळते. तिच्याविरुद्ध रिंडोपेपिमट नावाची लस तयार झाली. सुरुवातीच्या लहान चाचण्यांत आकडे उत्साहवर्धक होते. मग ७४५ रोग्यांची, रीतसर तुलनेची चाचणी झाली आणि २०१६ साली ती आवरती घ्यावी लागली. लस घेतलेल्यांची मुदत २०.१ महिने, न घेतलेल्यांची २०.०. चोराच्या अंगरख्याचा रंग सांगून शिपाई पाठवावा आणि चोराने अंगरखाच टाकून द्यावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले, कारण रोग उलटला तेव्हा पुष्कळ गाठींवरून ती खूण नाहीशी झालेली होती. पण लस न घेतलेल्या रोग्यांतही ती तितकीच नाहीशी झाली होती! शिपाई पाठविला नाही तरी हा चोर अंगरखे बदलतच असतो.

रोग्याच्या स्वतःच्या डेंड्रिटिक पेशींना त्याच्याच गाठीचा अर्क दाखवून केलेल्या दुसऱ्या एका लसीची ३३१ रोग्यांवरील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत नव्याने निदान झालेल्यांची मुदत १९.३ महिने आणि तुलनेतील रोग्यांची १६.५ महिने दिसली. मात्र हे तुलनेतील रोगी त्याच चाचणीतले नव्हते, इतर चाचण्यांतून घेतलेले होते, कारण मूळ तुलनागटातील बहुतेकांना रोग बळावल्यावर हीच लस देण्यात आली होती. एका वर्षाचा खर्च दुसऱ्या खात्याच्या जमेशी ताडून शिल्लक काढावी, तसा हा हिशेब आहे. तो खोटा नव्हे, पण त्यावर सही करताना लेखापरीक्षकाचा हात थबकेल.

मग काहींनी औषध तेच ठेवून वेळ बदलून पाहिली. शस्त्रक्रियेनंतर गाठ गेलेली असते. म्हणजे टी पेशींना जिच्यावर शिकावयाचे ती वस्तूच उरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अमेरिकन चाचणीत उलटलेल्या रोगाचे ३५ रोगी होते. ज्यांना पीडी-१ वरील औषध शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू केले, त्यांची मुदत ४१७ दिवस भरली. ज्यांना केवळ नंतर दिले, त्यांची सुमारे २२८. आकडा लहान, पण दिशा दाखविणारा. ऑस्ट्रेलियातील मेलॅनोमाचे निष्णात विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्कोलियर यांना २०२३ साली स्वतःलाच ग्लायोब्लास्टोमा झाला, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी जॉर्जिना लाँग यांनी मेलॅनोमात आजमावलेली ही रीत स्वीकारली: शस्त्रक्रियेपूर्वीच अनेक लगाम सोडविणारी औषधे एकत्र. जे ज्ञान आयुष्यभर इतरांसाठी मिळविले, त्याचा प्रयोग स्वतःच्या मेंदूवर करून घेण्याचे हे धैर्य सामान्य नव्हे. गाठ काढून तपासली तेव्हा तीत पहारेकऱ्यांची गर्दी वाढलेली दिसली. मार्च २०२५ मध्ये रोग उलटल्याचे त्यांनी जाहीर केले. एका रोग्यावरून सिद्धांत बांधता येत नाही, यशाचाही नाही आणि अपयशाचाही नाही.

शिकविण्याची दगदगच टाळून, शिकलेलाच शिपाई बाहेर घडवून आत सोडणे, हा तिसरा मार्ग. रोग्याच्या रक्तातून टी पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात कृत्रिम ग्राहकाचे जनुक घालतात, त्या वाढवितात आणि परत देतात. यांना कार-टी पेशी म्हणतात. भारतात या विद्येचे घर मुंबईत आहे. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियल केंद्रात मिळून घडविलेल्या अशा पेशींचा उपचार ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशाला अर्पण झाला, आणि परदेशांतील किमतीच्या मानाने तो पुष्कळच स्वस्त आहे. परंतु तो रक्तातील बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, मेंदूच्या नव्हे. तोच मेंदूत का वापरू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. बी पेशींवर सीडी-१९ नावाची एक खूण असते. तिच्यावर सोडलेले शिपाई रोगट पेशींबरोबर निरोगी बी पेशीही मारतात. तरीही रोगी जगतो, कारण बी पेशींवाचून काही काळ निभावता येते आणि प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. मेंदूत अशी उधळपट्टी परवडत नाही. तेथे जी खूण केवळ शत्रूवर आहे तीच निवडावी लागते, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या सर्व पेशींवर सारखी असणारी अशी एकही खूण आजवर हाती आलेली नाही.

तरीही या मार्गावरच सर्वांत डोळ्यांत भरणाऱ्या घटना घडल्या आहेत. कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत एका पन्नाशीतील रोग्याला असल्या पेशी थेट मेंदूच्या पोकळीत सोडण्यात आल्या. मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील सर्व गाठी विरघळल्या. हे यश साडेसात महिने टिकले. पुढे रोग नव्या जागी उगवला. हा वृत्तांत २०१६ सालचा. २०२४ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी एकाऐवजी दोन खुणांवर रोख असलेल्या पेशी तीन रोग्यांना दिल्या. काही दिवसांतच तिघांच्याही गाठी आक्रसल्या. दोघांत मात्र त्या लौकरच पुन्हा वाढल्या. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे मुलांच्या आणि तरुणांच्या मस्तिष्कस्तंभात व मेरुरज्जूत होणाऱ्या, शस्त्र लावता न येणाऱ्या गाठींवर असा उपचार झाला. अकरांपैकी चौघांच्या गाठी निम्म्याहून अधिक आटल्या आणि त्या चौघांतील एकाची पूर्णपणे नाहीशी झाली. या मुलांना लढाई सुरू होताच ताप आला, सूज चढली, जुनी लक्षणे तात्पुरती बळावली. दारूगोळ्याच्या कोठारापाशी गोळीबार म्हणतात तो हाच, आणि म्हणून हे उपचार आज केवळ अतिदक्षतेची सोय जवळ असलेल्या चाचण्यांतच होतात.

जंतूंकडून खबर देवविण्याचीही एक वाट आहे. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून ताप आणविला होता आणि काहींच्या गाठी त्याने विरल्या होत्या. त्याचेच हे सुधारलेले रूप. ड्यूक विद्यापीठात पोलिओच्या विषाणूतील एक भाग बदलून तो चेतापेशींना निरुपद्रवी केला आणि बारीक नळीने गाठीत सोडला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६१ रोग्यांच्या वृत्तांतात, तीन वर्षांनी शेकडा २१ जण हयात होते. पूर्वीच्या तशाच रोग्यांत हे प्रमाण शेकडा ४ होते. येथेही तुलना पूर्वीच्या रोग्यांशीच होती. जपानने २०२१ साली नागिणीच्या जातकुळीतील एका बदललेल्या विषाणूला, पुढील पुराव्याच्या अटीवर, या रोगासाठी परवानगी दिली.

आपल्याकडील कुटुंबांच्या दृष्टीने एक गल्लत विशेष टाळण्याजोगी आहे. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी निव्होलुमॅबची अत्यल्प मात्रा, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघी २० मिलिग्रॅम, नेहमीच्या औषधांस जोडून १५१ रोग्यांत अजमावली आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६.३ वरून ४३.४ वर नेले. हा २०२२ सालचा निष्कर्ष गरीब देशांसाठी मोलाचा आहे. पण तो तोंड, घसा यांच्या कर्करोगासंबंधी होता. इंग्रजीत त्या वर्गाला डोके व मान यांचा कर्करोग म्हणतात, आणि तेवढ्या नावावरून तो मेंदूला लावला जातो. ग्लायोब्लास्टोमाच्या बाबतीत प्रतिकारशक्तीचा उपचार कोणी सुचविला, तर तो रीतसर नोंदलेल्या चाचणीत दिला जात आहे की बाजारात विकला जात आहे, तुलना कोणाशी होत आहे, आणि रोगी त्या वेळी स्टेरॉइडची किती मात्रा घेत आहे, हे तीन प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. घर गहाण टाकण्यापूर्वी ते विचारलेले बरे.

उपचार सुरू झाल्यावरही एक कठीण काळ येतो. पहारेकरी गाठीपाशी खरोखरच पोहोचले, तर तेथे सूज येते. आणि चुंबकीय चित्रात ही सूज वाढलेल्या गाठीसारखीच दिसते. शत्रू वाढला की कुमक पोहोचली, हे त्या एका चित्रावरून मोठमोठ्या तज्ज्ञांनाही सांगता येत नाही. म्हणून २०१५ साली या क्षेत्रातील तज्ज्ञांनी असा संकेत ठरविला की, उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत चित्र बिघडलेले दिसले, पण रोग्याचे बोलणे-चालणे बिघडलेले नसले, तर उपचार लगेच निष्फळ मानू नये. तीन महिन्यांनी पुन्हा चित्र घेऊन मगच ठरवावे. ज्या रोगात एकूण आयुष्य महिन्यांत मोजले जाते, त्यात हे तीन महिने रोगी आणि त्याची माणसे घरी बसून काढतात. डॉक्टरांजवळही तोवर दुसरे उत्तर नसते.